कर्करोगातला दाह आणि दाहशामक औषधे

बोटात काटा रुतला की काही वेळातच तिथली त्वचा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. दाहाची ही चार लक्षणे पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहेत. लक्षणे त्रासदायक असली तरी त्यांच्यामागे काम चाललेले असते. त्या जागच्या केशवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, जंतूंचा फडशा पाडतात, मेलेल्या पेशी उचलून नेतात आणि मग जखम भरायला घेतात. काम झाले की सगळे आवरते. जो दाह आवरतच नाही, महिनोन्‌महिने धुमसत राहतो, त्याची जातच निराळी असते, आणि कर्करोगाशी गाठ पडते ती या धुमसणाऱ्या दाहाची.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने १८६३ मध्ये कर्करोगाच्या गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि जिथे जुनाट दाह तिथे गाठ धरते असा तर्क मांडला. पुढच्या दीडशे वर्षांत त्याला भरपूर पुरावा मिळाला. हेपटायटिस बी आणि सी यांच्या विषाणूंमुळे यकृत वर्षानुवर्षे सुजत राहते आणि त्यातून यकृताचा कर्करोग होतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या अस्तरात ठाण मांडतो, अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याला सोलून काढतो. आपल्याकडे गालात तंबाखूचा बार किंवा सुपारी-गुटखा धरून ठेवणाऱ्यांच्या तोंडाचे अस्तर असेच सतत चिडलेले असते. सुपारीने ते हळूहळू घट्ट होते, तोंड पुरते उघडेनासे होते आणि त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्ये गाठीला कधीच न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली. ती नेमकी आहे. जखम भरताना शरीर नव्या रक्तवाहिन्या काढते, पेशींना वाढायला सांगते आणि मारेकरी पेशींना थोडे मागे घेते. गाठीला हे तिन्ही हवेच असते.

एवढ्यावरून दाह शमवला की कर्करोगाला आळा बसेल असे वाटणे साहजिक आहे. पण इतिहासात याच्या थेट उलट दाखलेही आहेत. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ पासून काही रुग्णांच्या गाठींत मुद्दाम जंतू टोचले, त्यांना सणसणून ताप आणला आणि त्यांपैकी काहींच्या गाठी विरघळल्या. कोलींचा उपाय बेभरवशाचा होता, पण त्यातले तत्त्व आजही वापरात आहे. मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात क्षयाची बीसीजी लस थेट मूत्राशयात सोडतात. ही पद्धत १९७६ मध्ये आल्व्हारो मोरालेस यांनी मांडली. साधारणपणे दर आठवड्याला एक असे सहा डोस दिले जातात. मूत्राशय सुजते, लघवीला जळजळ होते, आणि त्या जळजळीबरोबरच पांढऱ्या पेशींची फौज अस्तरात उतरते. इथे दाह हेच औषध आहे.

म्हणून दाहशामक औषध कर्करोग्याला चांगले की वाईट, हा प्रश्न या रूपात विचारून उत्तर मिळत नाही. औषधाच्या दुकानात एकाच फळीवर बसणारी ही औषधे पांढऱ्या पेशींशी अगदी वेगवेगळे वागतात. कोणते औषध, कोणत्या पेशीवर, रोगाच्या कोणत्या टप्प्यावर, हे कळल्याशिवाय त्यांच्याबद्दल केलेले कोणतेही सरसकट विधान रुग्णाच्या कामाचे नाही.

या सगळ्यांत सर्वांत ताकदवान म्हणजे स्टेरॉइड. केमोथेरपीच्या डे केअरमध्ये सकाळी सलाईन लागले की पुष्कळदा मुख्य औषधाच्या आधी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन जाते. बोलण्यात सगळे त्याला डेक्सा म्हणतात. ते उलट्या थांबवते, पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांची ॲलर्जी टाळते, मेंदूत गाठ असेल तर तिच्या भोवतीची सूज उतरवते. आठ मिलिग्रॅम हा त्याचा नेहमीचा डोस दिसायला लहान असला तरी तो सुमारे पन्नास मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचा असतो आणि त्याचा अंमल दीड-दोन दिवस टिकतो. हे औषध पेशीत शिरून आतल्या ग्राहीला चिकटते, ती जोडी केंद्रकात जाते आणि दाह पेटवणारी जनुके बंद पाडते. पांढऱ्या पेशींतल्या टी पेशींना वाढायला लागणारे इंटरल्युकिन-२ घटते. ज्या टी पेशींनी अजून शत्रू पाहिलेलाच नाही, त्यांच्यावर हा मार जास्त बसतो.

याचा परिणाम साध्या रक्ततपासणीतही दिसतो. डेक्सा दिल्यावर काही तासांतच लिम्फोसाइट (टी पेशी यांतल्याच) रक्तातून ओसरतात. बरेचसे मरत नाहीत, अस्थिमज्जेत आणि इतर ठिकाणी जाऊन बसतात. उलट न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीवरून सुटून प्रवाहात येतात, त्यामुळे त्यांचा आकडा फुगतो. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट पाहून रुग्णाला जंतुसंसर्ग झाला की काय अशी घरच्यांना धास्ती वाटते, पण तो आकडा डेक्साचा असू शकतो. कर्करोग्याच्या पांढऱ्या पेशींवर अभ्यास करणाऱ्यांनीही हे ध्यानात घेतले पाहिजे. रक्त काढले त्याच्या आदल्या दिवशी स्टेरॉइड गेले होते का, हे न नोंदवता काढलेला निष्कर्ष त्या रुग्णाच्या प्रतिकारशक्तीबद्दल असतो की एका इंजेक्शनबद्दल, हे सांगता येत नाही.

लिम्फोमा, मायलोमा आणि लिम्फोसाइटच्या ल्युकेमियात मात्र लिम्फोसाइटच बिघडलेल्या असतात, आणि स्टेरॉइड त्यांना मरायला लावते. तिथे ते सहायक औषध राहत नाही, मुख्य उपचाराचा भाग होते. जी गोष्ट फुप्फुसाच्या कर्करोगात अडचणीची, तीच इथे उपकारक ठरते.

फुप्फुसाच्या कर्करोगातली अडचण ठळक झाली ती इम्युनोथेरपी आल्यावर. टी पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-१ आणि सीटीएलए-४ नावाचे ब्रेक असतात. गाठ त्यांवर पाय ठेवते आणि पेशी थांबते. हे ब्रेक काढणाऱ्या औषधांच्या पायाभूत शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. आता ज्या उपचाराचा सगळा भार टी पेशींवर आहे, त्यात टी पेशींना झोपवणारे औषध आधीपासून चालू असेल तर काय होईल? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग आणि फ्रान्सच्या गुस्ताव्ह रूसी या दोन संस्थांतल्या ६४० रुग्णांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार सुरू होताना रोज दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोनइतके स्टेरॉइड घेणाऱ्या ९० जणांना इम्युनोथेरपीचा फायदा स्पष्टपणे कमी झाला. निष्कर्ष सरळ दिसतो. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका पाहणीत स्टेरॉइड कशासाठी दिले होते हे तपासले गेले. दमा, संधिवात अशा कर्करोगाबाहेरच्या कारणांनी स्टेरॉइड घेणाऱ्यांचे निकाल न घेणाऱ्यांसारखेच होते. ज्यांना मेंदूतली सूज, धाप, भूक मेल्याची तक्रार यांसाठी स्टेरॉइड लागले, त्यांचेच निकाल वाईट होते. म्हणजे स्टेरॉइडच्या नावावर मांडलेल्या दोषाचा मोठा वाटा मुळात बळावलेल्या रोगाचा होता.

इम्युनोथेरपी सुरू झाल्यावर मोकळ्या सुटलेल्या टी पेशी कधी आतड्यावर, कधी फुप्फुसावर, कधी थायरॉइडवर उलटतात. आतड्यावर किंवा फुप्फुसावर उलटल्या तर स्टेरॉइडचा मोठा डोस देणे जीव वाचवण्यासाठी भाग असते, आणि असे डोस घेतलेल्या रुग्णांत उपचाराचा फायदा बहुतांश टिकून राहतो. एकदा शत्रू ओळखून तयार झालेल्या टी पेशी नवख्या पेशींइतक्या सहज दबत नाहीत, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. तेव्हा स्टेरॉइडच्या भीतीने असा दुष्परिणाम अंगावर काढणे रुग्णाच्या हिताचे मुळीच नाही.

ॲस्पिरिन आणि त्याच्या कुळातल्या औषधांची गोष्ट निराळी आहे. ही औषधे टी पेशीला थेट दाबत नाहीत. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणे थांबवते; त्यासाठी १९८२ चे नोबेल त्यांच्याकडे आणि दोन स्वीडिश शास्त्रज्ञांकडे गेले. प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमला कॉक्स म्हणतात. कॉक्स-१ बहुतेक पेशींत कायम चालू असतो, तर कॉक्स-२ दाहाच्या वेळी जागा होतो. कित्येक गाठींनी हा कॉक्स-२ सतत चालू ठेवलेला असतो आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ पाझरत राहते. काटा रुतल्यावर ठणका लावतो तोच हा रेणू.

गाठीच्या आत तो काय करतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. एक टी पेशी रक्तातून गाठीत शिरते. तिच्या अंगावर ईपी-२ आणि ईपी-४ नावाच्या ग्राही आहेत. प्रोस्टाग्लँडिन त्यांना चिकटले की पेशीच्या आत सीएएमपी हा निरोप्या रेणू साचतो आणि शत्रू दिसल्याची सूचना पहिल्या कडीलाच अडते. पेशी शत्रूसमोर उभी असते, त्याला पाहतही असते, पण हलत नाही. त्यातच तिला इंटरल्युकिन-२ चा निरोप ऐकू येईनासा होतो. नव्या टी पेशींचा साठा ज्यांच्यातून भरून निघतो त्या मूळधनासारख्या पेशी यामुळे वाढत नाहीत, हे २०२४ मध्ये ‘नेचर’मधल्या दोन शोधनिबंधांनी दाखवले. नैसर्गिक मारक पेशींचेही तेच. या पेशी एरवी रासायनिक हाका मारून डेंड्रायटिक पेशींना गाठीत बोलावतात आणि डेंड्रायटिक पेशी शत्रूचा तुकडा टी पेशींना दाखवतात. प्रोस्टाग्लँडिनमुळे हाकच निघत नाही, म्हणून पुढची सगळी साखळी तुटते. उलट मॅक्रोफेज आणि मज्जेतून आलेल्या काही अपक्व पेशी गाठीच्या बाजूने काम करू लागतात.

म्हणजे जो रेणू बाहेर दाह दाखवतो, तोच गाठीच्या आत प्रतिकाराला गुंगी देतो. त्याला थांबवणारे औषध दाहशामक म्हणवत असले तरी टी पेशींच्या दृष्टीने ते उठवणारे ठरते. स्टेरॉइड आणि ॲस्पिरिन या दोघांना एकाच नावाखाली घालणे किती फसवे आहे, ते इथे कळते. लंडनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मेलानोमा असलेल्या उंदरांत हे तपासले. गाठीच्या पेशींतून कॉक्सची जनुके काढून टाकल्यावर प्रतिकारशक्तीनेच गाठी आवरल्या, आणि पीडी-१ चा ब्रेक काढणाऱ्या औषधाला ॲस्पिरिनची जोड दिल्यावर परिणाम वाढला.

दुसरी वाट बिंबिकांची, म्हणजे प्लेटलेटची आहे. मूळ गाठीतून सुटलेली एकटीदुकटी कर्करोगपेशी रक्तातून जाताना सर्वांत दुबळी असते. बिंबिका तिच्याभोवती गोळा होतात आणि थ्रॉम्बॉक्सेन ए-२ सोडतात. केंब्रिजच्या राहुल रॉयचौधुरी यांच्या गटाने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दिसले की हे थ्रॉम्बॉक्सेन टी पेशींमधल्या एआरएचजीईएफ-१ या प्रथिनामार्फत त्यांना दाबते. उंदरांना ॲस्पिरिन दिल्यावर थ्रॉम्बॉक्सेन घटले, टी पेशी मोकळ्या झाल्या आणि रोग दूरच्या अवयवांत पसरण्याचे प्रमाण कमी झाले. ज्यांच्या टी पेशींत ते प्रथिनच नव्हते, त्या उंदरांत ॲस्पिरिनने वेगळा फरक पडला नाही. लहान डोसही पुरतो याचे कारण बिंबिकेच्या घडणीत आहे. तिला केंद्रक नसते. ॲस्पिरिनने तिचा कॉक्स एकदा कायमचा बंद केला की तिला नवा बनवता येत नाही, आणि तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ती थ्रॉम्बॉक्सेन बनवू शकत नाही. घराघरांत ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ म्हणून ओळखली जाणारी पंच्याहत्तर मिलिग्रॅमची गोळी याच जोरावर चालते.

उंदरात चालले ते माणसात चालेलच असे नाही, आणि ॲस्पिरिनच्या बाबतीत माणसांतला पुरावा एका दिशेने जात नाही. ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल यांनी हृदयविकारासाठी ॲस्पिरिन दिलेल्या जुन्या चाचण्यांचे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आणि रोग पसरण्याचे प्रमाण कमी आढळले. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात आतड्याच्या कर्करोगाचा धोका फार मोठा असतो. अशा ८६१ जणांवरच्या कॅप-२ चाचणीत रोज सहाशे मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी पुढच्या काळात ९ टक्क्यांना, तर खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांना आतड्याचा कर्करोग झाला. पण ॲस्प्री या चाचणीत, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांना शंभर मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी दिली, तेव्हा ॲस्पिरिनच्या गटात कर्करोगाने जास्त मृत्यू झाले, ३.१ टक्के विरुद्ध २.३ टक्के. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०२० रुग्णांच्या चाचणीतही रोजच्या ॲस्पिरिनचा काही फायदा दिसला नाही.

या परस्परविरोधामुळे ॲस्पिरिनचा नाद सोडावा असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. या चाचण्यांनी एक प्रश्न विचारलेलाच नव्हता. निरोगी वृद्धाच्या शरीरात कदाचित आधीच दडलेली, पसरलेली गाठ असेल. तिच्यावर ॲस्पिरिन काय करते आणि नुकतीच गाठ काढलेल्या रुग्णाच्या रक्तात फिरणाऱ्या मोजक्या पेशींवर काय करते, या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय गाठीची घडणही वेगवेगळी असते. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या अलास्का नावाच्या चाचणीने हेच हेरले. आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांची जनुके आधी तपासली आणि ज्यांच्या गाठीत पीआय-३-के या मार्गात बदल होते अशाच रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी दिली. २०२५ मध्ये निकाल आला. त्या मार्गातल्या नेमक्या ठिकाणी बदल असलेल्यांत तीन वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण १४.१ टक्क्यांवरून ७.७ टक्क्यांवर आले. रोग परतण्याचा धोका निम्म्यावर आणणारी ही गोळी चहाच्या कपाहून स्वस्त आहे. योग्य रुग्ण निवडला तर इतका फरक पडतो, हे त्यातले सर्वांत मोलाचे. प्रतिकारशक्तीचा यात नेमका वाटा किती, हे मात्र या चाचणीतून सिद्ध होत नाही. गाठीच्या पेशीवर थेट होणारा परिणामही त्यात मिसळलेला असू शकतो.

ॲड-ॲस्पिरिन ही याहून मोठी चाचणी ब्रिटन, आयर्लंड आणि भारत या तीन देशांत उभी राहिली, आणि भारतातला तिचा कारभार मुंबईच्या टाटा मेमोरियलकडे आहे. स्तन, आतडे, अन्ननलिका-जठर आणि प्रोस्टेट या चार कर्करोगांवर मुख्य उपचार झालेल्यांना शंभर किंवा तीनशे मिलिग्रॅम ॲस्पिरिन, नाहीतर खोटी गोळी, अशी तिची मांडणी आहे. पेटंट संपलेल्या औषधावर एवढी चाचणी करायला कोणतीही कंपनी पुढे येत नाही. सार्वजनिक पैशाने ती उभी राहते, हे महत्त्वाचे आहे.

फक्त कॉक्स-२ ला अडवणारी सेलेकॉक्सिबसारखी औषधे जठराला कमी त्रास देतात, म्हणून त्यांच्यावर मोठी आशा होती. आतड्यातल्या पॉलिपवर चाललेल्या चाचणीतच रोफेकॉक्सिबने हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसले आणि सप्टेंबर २००४ मध्ये ते बाजारातून गेले. सेलेकॉक्सिब टिकले. आतड्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या कर्करोगात २,५२६ रुग्णांच्या चाचणीत ते तीन वर्षे देऊन पाहिले, पण सरसकट फायदा निघाला नाही.

मुंबईत मात्र त्याला वेगळे स्थान मिळाले. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग उलटून आलेल्या गरीब रुग्णाला महागडी इंजेक्शने परवडत नाहीत. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब यांच्या गोळ्यांचे लहान डोस सतत देण्याची पद्धत बसवली. ४२२ रुग्णांच्या चाचणीत, २०२० च्या निकालानुसार, या गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य साडेसात महिने, तर सिस्प्लॅटिनच्या इंजेक्शनवर असणाऱ्यांचे ६.१ महिने होते. पुढे याच गोळ्यांत एर्लोटिनिब घालून निम्म्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी पीडी-१ चा ब्रेक काढणाऱ्या निव्होलुमॅबचे फक्त वीस मिलिग्रॅम दिले. नेहमीच्या डोसच्या मानाने हा अंश दहाव्या भागाहूनही कमी आहे. १५१ रुग्णांत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. इतक्या कमी निव्होलुमॅबने काम केले त्यात सेलेकॉक्सिबने प्रोस्टाग्लँडिनची गुंगी उतरवल्याचा वाटा असेल का? प्रश्न रास्त आहे, पण दोन्ही गटांना सेलेकॉक्सिब दिलेले असल्यामुळे या चाचणीतून त्याचे उत्तर निघत नाही. सेलेकॉक्सिब असलेल्या आणि नसलेल्या दोन गटांची तुलना, सोबत गाठीतल्या टी पेशींची मोजणी, हे काम करण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लागणारे रुग्ण दुर्दैवाने इथेच सर्वांत जास्त आहेत.

दाहाचे निरोप नेणाऱ्या एकेका प्रथिनाला धरणारी नवी औषधे याच वाटेवरची. इंटरल्युकिन-१ बीटाला बांधणारे कॅनाकिनुमॅब हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांच्या चाचणीत तपासले गेले. २०१७ मध्ये निकाल आले तेव्हा मोठ्या डोसच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने कमी निघाले. मग फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांवर तीन मोठ्या चाचण्या झाल्या आणि तिन्ही फसल्या. गाठ धरण्याच्या आधी दाह शमवणे आणि गाठ जमल्यावर शमवणे यांतले अंतर इतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. आग विझवल्याने आधीच बांधलेले घर पडत नाही.

कार-टी उपचारात उलट परिस्थिती असते. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, जनुकीय बदल करून परत सोडल्या की त्या गाठीवर तुटून पडतात आणि कधी कधी सगळ्या शरीरात दाहाचे वादळ उठते. ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार-१९ या भारतीय उपचारातही डॉक्टर याच लक्षणांवर डोळा ठेवून असतात. इथे टॉसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ ची ग्राही अडवते. ताप उतरतो, रुग्ण सावरतो आणि टी पेशींचे मारण्याचे काम चालू राहते. त्याने भागले नाही तर स्टेरॉइड आहेच. दाह आणि मारक शक्ती यांना सोडवून वेगळे करता येते, याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

या सगळ्यातून रुग्णाने स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करावी असे मुळीच निघत नाही. केमोथेरपीत बिंबिका खाली आलेल्या असतात, तेव्हा ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो. सिस्प्लॅटिन चालू असताना डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यास मूत्रपिंडावर दुहेरी घाव बसतो. महिनाभर चाललेले स्टेरॉइड एकदम बंद केले तर अधिवृक्क ग्रंथी लगेच कामाला लागत नाही आणि रुग्ण कोसळू शकतो. आणि केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या दिवसांत अंगदुखीवर घेतलेली साधी गोळीही ताप झाकून टाकते. त्या दिवसांत बहुधा ताप हीच जंतुसंसर्गाची पहिली आणि कधी कधी एकमेव खूण असते, म्हणून गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवायचा आणि १००.४ फॅरेनहाइट किंवा त्यावर दिसला तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.